16 वर्षं फाशीच्या छायेत, आणि जबाबदार कोण?

[दृश्य: रात्र. शेतातलं झोपडीवजा घर.]

5 जून 2003. नाशिकजवळच्या एका शेतातल्या झोपडीत रात्री दरोडेखोर घुसले. पैसे घेतले, अंगावरचे दागिने ओरबाडले आणि मग घरातल्यांवर तुटून पडले. पाच जणांचा जीव गेला. सामूहिक बलात्कारही झाला. मेले असं समजून टाकून दिलेल्यांपैकी दोघं वाचले, घरातली आई आणि तिचा मुलगा.

[दृश्य: पोलीस ठाण्यातला फोटोंचा जाडजूड अल्बम. पानं उलटणारे हात.]

दोनच दिवसांनी, 7 जूनला, पोलिसांकडच्या नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो त्या आईला दाखवण्यात आले. समोर विशेष कार्यकारी दंडाधिकारी होते. तिने चार चेहरे ओळखले. हेच ते, असं सांगितलं. तसा जबाब नोंदवला गेला. घटनेला 48 तास झाले होते, आठवण ताजी होती, आणि सांगणारी बाई स्वतः त्या झोपडीत होती. तपासाला यापेक्षा मोठा धागा कोणता हवा?

त्या चौघांना अटक झाली नाही. आरोपी म्हणून उभे राहिले ते वेगळेच सहा जण. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे.

पुढे कोर्टात वाचलेल्या दोघांनी या सहा जणांकडे बोट दाखवलं. इथे त्या माउलीला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झालेल्या माणसासमोर पोलीस काही चेहरे उभे करतात आणि गुन्हेगार सापडले म्हणतात, तेव्हा आठवण त्या चेहऱ्यांना चिकटत जाते. ओळख परेडचे नियम इतके काटेकोर आहेत ते याचसाठी. परेडआधी आरोपी साक्षीदाराच्या नजरेस पडता कामा नये, त्याच्यासारखीच दिसणारी इतर माणसं रांगेत हवीत, पोलीस आसपास नकोत. आणि साक्षीदाराने आधी दुसऱ्याच कोणाला ओळखलं असेल, तर ते न्यायाधीशांसमोर ठळकपणे यायलाच हवं.

[दृश्य: निकालपत्रांच्या तारखा एकामागून एक.]

2006. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने एका वेगळ्या खटल्यात मान्य केलं, की फाशी देताना ज्या जुन्या निकालाचा आधार घेतला जात होता तो निकालच कायद्याला धरून नव्हता. या सहा जणांच्या शिक्षेलाही तोच आधार होता. 2012 साली 14 निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या 13 कैद्यांची शिक्षा कमी करा. त्यात या खटल्याचाही उल्लेख होता. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हेही फाशी कायम झाल्यानंतर पुढे आलं.

म्हणजे चूक आहे, हे दिसत होतं. तरी दार उघडायला आणखी सात वर्षं गेली.

5 मार्च 2019. न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. निकालात 7 जूनच्या त्या जबाबावर बोट ठेवलेलं आहे. ज्या चौघांना आईने ओळखलं, त्यांचा तपासच झाला नाही, आणि का झाला नाही याचा खुलासा सरकारी पक्षाने केला नाही. गंभीर गुन्ह्यांत अनेकदा निरपराध माणसं गोवली जातात, आणि हे आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर होते, हेही न्यायालयाने लिहून ठेवलं आहे.

या शेवटच्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला. संशयाची सवय मात्र सुटली नाही. पालावर राहणाऱ्या माणसाला आजही दरोड्याच्या तपासात आधी उचललं जातं, कारण त्याच्यासाठी वकील घेऊन धावत येणारं कोणी नसतं.

[दृश्य: तुरुंगाचं फाटक, बाहेरून.]

न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. 16 वर्षांचा हिशोब केला तर दिवसाला साधारण 85 रुपये पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला 200 रुपयांहून जास्त मजुरी होती.

आणि चुकीला जबाबदार कोण? ज्यांच्या हलगर्जीपणामुळे खरे गुन्हेगार मोकळे राहिले, ते अधिकारी शोधा, अजून सेवेत असतील तर तीन महिन्यांत त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करा, असा आदेश याच निकालात आहे. ‘सेवेत असतील तर’ या अटीकडे जरा थांबून पाहा. 2003 चा तपास, 2019 चा निकाल. 16 वर्षांत माणूस बढती घेतो, निवृत्त होतो, पेन्शन सुरू होते. निकाल जितका उशिरा, तितकी अधिकाऱ्याची सुटका सोपी.

कायदा अगदीच गप्प आहे असंही नाही. एखाद्याला फाशी व्हावी म्हणून खोटा पुरावा रचणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे; पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 194, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 230. पण कोर्टात दिलेल्या खोट्या पुराव्याबद्दल सुटलेला माणूस स्वतः खटला भरू शकत नाही. त्यासाठी न्यायालयानेच तक्रार करावी लागते. सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला चालवायचा, तर वर सरकारची परवानगी लागते. ज्याने आयुष्याची ऐन वर्षं गमावली त्याच्या हातात यातली एकही किल्ली नाही, आणि मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

जानेवारी 2014 मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला सांगितलं होतं, की आरोपी सुटला की का सुटला हे तपासणारी स्थायी समिती गृह खात्याने नेमावी आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करावी. या समित्यांना काय आढळलं आणि कोणावर काय कारवाई झाली, हे दरवर्षी विधिमंडळाच्या पटलावर आलं पाहिजे. बंद खोलीतल्या चौकशीवर या सहा घरांनी विश्वास का ठेवावा?

ऑगस्ट 2018 मध्ये, सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने 277 क्रमांकाचा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाईचा कायदेशीर हक्क असावा, त्यासाठी विशेष न्यायालयं असावीत, असं म्हणून आयोगाने फौजदारी प्रक्रिया संहितेत घालायच्या नव्या प्रकरणाचा मसुदाच जोडला होता.

2023 साली ती संहिता बाजूला सारून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणली गेली. आयोगाने सुचवलेलं प्रकरण तिच्यात नाही. पुरेसं कारण नसताना एखाद्याला पोलिसांकरवी अटक करवणाऱ्याने द्यायच्या भरपाईचं जुनं कलम मात्र आहे. नवा क्रमांक 399. कमाल रक्कम पूर्वी होती तीच, 1000 रुपये.