डोक्यावरची शेते

इंग्लंडच्या वायव्येला, सॉल्वेची खाडी आणि ९३१ मीटर उंचीचा स्किडॉ पर्वत यांच्या मधल्या उंचसखल मुलखात अ‍ॅस्पेट्रिया हे छोटे गाव आहे. वर गवताची आणि बटाट्याची शेते, खाली कोळशाचे थर. चित्रकार शीला फेल यांचा जन्म १९३१ साली इथेच झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते; मुलीच्या पायांखाली जी जमीन होती, ती कामावर असताना त्यांच्या डोक्यावर असे. फेल यांची निसर्गचित्रे पाहताना हे विसरून चालत नाही.

जवळच सरोवरांचा प्रसिद्ध प्रदेश आहे आणि त्याच्या देखणेपणाची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली. फेल यांनी रंगवला तो राबणाऱ्या माणसांचा मुलूख. त्यांच्या चित्रांत आभाळ खाली उतरलेले असते, घरे एकमेकांना खेटून बसलेली असतात, आणि बटाटे वेचणारी वाकलेली माणसे त्याच मातीच्या रंगाची असतात. खाण क्वचितच दिसते, पण काळ्या-तपकिरी रंगांच्या जाड थरांत तिचा भार जाणवत राहतो.

कार्लाइलच्या कलाशाळेतून त्या लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेत गेल्या आणि लंडनमध्येच स्थायिक झाल्या. १९५५ साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा कारखान्यांच्या वस्त्यांचे चित्रकार एल. एस. लॉरी यांनी त्यांची दोन चित्रे विकत घेतली. पुढे लॉरी काही काळ त्यांना पैशांची मदत करीत राहिले आणि अ‍ॅस्पेट्रियाला त्यांच्या आईवडिलांच्या घरी मुक्कामालाही येऊ लागले. १९७४ मध्ये फेल रॉयल अकॅडमी या ब्रिटनमधील कलावंतांच्या मानाच्या संस्थेच्या सदस्य झाल्या. त्याच वर्षी अ‍ॅस्पेट्रिया ज्यात होते तो कंबरलँड हा जुना परगणा नव्या कंब्रियात विलीन झाला. १९७९ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या.

एक आठवण त्यांनीच सांगितलेली आहे. दोघे स्किडॉसमोर चित्रे काढायला बसले होते, फेल मोठा कॅनव्हास घेऊन आणि लॉरी लहानशी वही घेऊन. काही तासांनी त्यांनी लॉरींच्या वहीत डोकावून पाहिले, तर पर्वताचा पत्ताच नव्हता. होती ती त्यांची नेहमीची कारखान्यांची वस्ती. दोघांनाही हसू आले. फेल यांना ते लगेच उमगले असावे, कारण लंडनच्या खोलीत उभ्या राहून त्या स्वतः स्किडॉच रंगवीत असत.