कीर्तनातली काठी कोणासाठी?

मंडळी, नमस्कार.

मी सोलापूरचा. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. लाल बावट्याच्या सभा कधी चुकवल्या नाहीत आणि देवापुढे कधी हात जोडले नाहीत. आजी माळकरी. आषाढी वारीच्या दिवसांत शेगावहून गजानन महाराजांची पालखी आमच्या शहरातून पंढरपूरला जाते. त्या दिवशी आजोबा पहाटेच पाण्याची पिंपं भरायचे, दमलेल्या वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळायचे.

एका वर्षी पेठेतल्या कीर्तनात बुवा गरजले, "जो देव मानत नाही, त्याच्या घरचं पाणी पिऊ नये!" आजी कीर्तन अर्ध्यावर सोडून उठली. घरी काही बोलली नाही. आजोबांना वाढताना शेंगाचटणीवर दही मात्र चांगलं दोन पळ्या घातलं. मी दहा वर्षांचा होतो. नास्तिकावर कीर्तनातून कधी बोलावं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात भक्तांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. ईश्वरावर प्रेम, त्याच्या भक्तांशी मैत्री, अजाणांवर कृपा आणि द्वेष करणाऱ्यांची उपेक्षा, असं वागणारा भक्त 'मध्यम'. उत्तम भक्ताला तर सगळ्या भूतांत भगवंतच दिसतो. म्हणजे मधल्या पायरीवरच्यालाही द्वेष्ट्याला झोडपायला सांगितलेलं नाही, बाजूला व्हायला सांगितलं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही श्रीकृष्ण सांगतात, ज्याला ऐकायचं नाही, जो माझा मत्सर करतो, त्याला हे सांगू नकोस. त्याला शिव्या दे, असं तिथे नाही.

नारदांच्या भक्तिसूत्रांत नास्तिकाच्या गोष्टी ऐकू नयेत असंही आहे, ते मी लपवणार नाही. पण ते साधकानं स्वतःचं मन जपण्यासाठी आहे. त्याच सूत्रांत पुढे येतं, 'वादो नावलम्ब्यः', वादात पडू नये.

मग तुकोबांची काठी? 'नाठाळाचे माथी हाणू काठी' सगळ्यांना पाठ असतं. त्या अभंगाची सुरुवात 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' अशी आहे, ती कमी आठवते. आणि तुकोबा कोणावर तुटून पडतात? 'ऐसे कैसे झाले भोंदू, कर्म करोनि म्हणती साधू.' अंगाला राख फासून डोळे झाकून पाप करणाऱ्यावर. म्हणजे आपल्याच दिंडीतल्यावर.

माझं मत सांगतो. कोणी दुर्बळाला नाडत असेल, कोणाची पूजा पायदळी तुडवत असेल, तर त्या कृत्यावर बुवांनी जरूर कडाडावं, मग करणारा आस्तिक असो की नास्तिक. पण नुसतं न मानणं हे कृत्य नव्हे. शिवाय नारदाच्या गादीवरून, म्हणजे कीर्तनकाराच्या जागेवरून, बोललेल्याला समोरचा उलट उत्तर देऊ शकत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्यावर वार करायचा नसतो.

आपल्या मंडळातली काही मुलं देव मानत नाहीत. एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजवायला मात्र तीच येतात. यंदा आपल्या कीर्तनासाठी बुवांना आमंत्रणाचा फोन मीच करणार आहे, आणि ही गोष्ट त्यांना आधीच सांगणार आहे.