रिबनच्या दुकानातला अंक

श्रोतेहो, नमस्कार. अतिवास्तववाद, म्हणजे स्वप्नं आणि सुप्त मन यांतून कला घडवू पाहणारी चळवळ, म्हटलं की चित्रकार दालींची लोंबकळणारी घड्याळं आठवतात. मला मात्र आज तुम्हाला एका रिबनच्या दुकानात न्यायचंय.

साल १९४१, महिना एप्रिल. कॅरिबियन समुद्रातलं मार्टिनिक बेट. फ्रान्स जर्मनांपुढे हरलेला, आणि या फ्रेंच वसाहतीत जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारचा अंमल. मार्सेहून जहाजानं निसटलेले कवी आंद्रे ब्रेतों इथं उतरले आणि थेट छावणीत डांबले गेले. पहिल्या महायुद्धात मनोरुग्णालयात काम करताना भ्रमिष्ट सैनिकांचं बोलणं कान देऊन ऐकणारे हेच ते ब्रेतों. मनावरचा पहारा उठला की भाषा काय बोलते, याचा त्यांना ध्यास लागला. १९१९ मध्ये फिलिप सूपोंबरोबर त्यांनी भराभर, सुचेल तसं लिहून पाहिलं. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला.

छावणीतून सुटल्यावर ते फोर-द-फ्रान्स शहरात लेकीसाठी रिबन घ्यायला गेले. दुकानात 'त्रोपीक' नावाच्या त्रैमासिकाचा पहिला अंक दिसला. सहज चाळायला घेतला आणि ते थक्क झाले. या काळात असं कुणी लिहू धजेल, यावर त्यांचा विश्वास बसेना! संपादक होते एमे सेझेर, तिथल्याच शाळेतले शिक्षक. सोबत पत्नी सुझान आणि मित्र रने मेनील. दुकान मेनील यांच्याच बहिणीचं, त्यामुळे गाठ पडायला वेळ लागला नाही.

ब्रेतोंनी सेझेरना घडवलं, हे मला अजिबात मान्य नाही. सेझेर यांची मायभूमीवरची दीर्घकविता १९३९ मध्येच छापून आली होती. राज्यकर्त्यांनी शाळेत घोटून घेतलेली फ्रेंच भाषा ते आतून फोडत होते. पॅरिसमध्ये जे बंड होतं, ते इथं गुलामांच्या नातवंडांचं स्वतःचं बोलणं झालं.

कैरोतही तेच घडलं. नाझींनी आधुनिक कलेला 'अधःपतित' ठरवलं, तेव्हा डिसेंबर १९३८ मध्ये कवी जॉर्ज हेनाईन आणि मित्रांनी त्याच कलेचा जयजयकार करणारं पत्रक काढलं. टोकियोत अतिवास्तववादी कवी ताकिगुची शूझो यांना १९४१ मध्ये अटक झाली. स्वप्नांना सरकारं किती घाबरतात पाहा!

मार्टिनिकमध्ये १९४३ च्या मे महिन्यात अधिकाऱ्यानं 'त्रोपीक'ला कागद नाकारला आणि नाना आरोप ठेवले. संपादकांनी बाणेदार उत्तर पाठवलं. खाली सहा सह्या, त्यांत सुझान यांचीही. जुलैमध्ये बेटावरची व्हिशी सत्ता कोसळली, आणि अंक पुन्हा निघू लागले.