खालून येणारा गारठा

(दृश्य: बीड जिल्हा, पाटोदा तालुका. माळावर कलतं ऊन, मागे ज्वारीचं रान.)

जानेवारी महिना. बालाघाटाच्या या पठारावर दुपारी सदरा अंगाला चिकटत होता. आता चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसावंसं वाटतंय. जवळच सौताड्याची दरी. पावसाळ्यात विंचरणा नदी इथल्या कड्यावरून खाली झेपावते आणि दरीतल्या रामेश्वराच्या मंदिराकडं माणसांची रीघ लागते. आज इथं कुणी नाही. आम्ही चौघं, दोन तंबू, आणि ज्यांच्या वावराच्या बांधाला ते ठोकायचे त्या नानांची परवानगी. वीज नाही, नळ नाही, संडास नाही.

अशा ठिकाणी सुखानं झोपायला काय लागतं? पहिल्या वर्षी आमचं उत्तर होतं, भारीतला तंबू. खाली एक सतरंजी अंथरली आणि पडलो. रात्री दोनला चौघंही उठून बसलेलो. पोटाकडून ऊब, पाठ मात्र गारठलेली. सकाळी नानांना सांगितलं, तर ते गालात हसले.

"लेकरांनो, गारठा वरून न्हाई येत. खालून येतो."

गोष्ट साधी आहे. पांघरूण ऊब धरतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळं. आपण आडवे झालो की पाठीखालचा भाग वजनानं दबतो, हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. स्लीपिंग बॅग कितीही महागाची घ्या, खालची बाजू दबणारच. म्हणून माझं मत असं, की पैसे कमी असतील तर तंबू साधा घ्या, पण फोमची जाड मॅट घ्याच. आणि घरातली वाकळ न्यायला लाजू नका.

(दृश्य: कडब्याची गंज. नानांचे हात जवळून.)

नानांकडं याहून जुना इलाज आहे, कडबा. गेल्या सालच्या गंजीतून ते एकेक पेंढी उपसतात. लगेच देत नाहीत. आधी जमिनीवर आपटतात, उलटी करतात, पुन्हा आपटतात. तिसऱ्या पेंढीतून बोटाएवढा विंचू पडला. नाना काही बोलले नाहीत, चपलेनं काम उरकलं आणि चौथी पेंढी ओढली.

विंचवाचा विषय निघाला की आमच्या मराठवाड्यात एक नाव आठवायलाच हवं. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात महाडला राहून त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरलं आणि त्यानं कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण मात्र बूट झटकूनच पायात घालायचे, तंबूची चेन रात्रभर लावलेली ठेवायची. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. दरीत मोबाइलला रेंज असेलच असं नाही. जवळचं सरकारी रुग्णालय कुठं आहे ते दिवसाउजेडीच विचारून ठेवा.

(दृश्य: पहारीचा आवाज.)

आता मेखा. तंबूसोबत येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या मेखा इथल्या मुरमात वाकतात. खाली नदीकाठच्या काळ्या मातीत त्या सहज जातात, पण माती ओली झाली की तितक्याच सहज उपसून येतात. आम्ही आता आठ इंची लोखंडी खिळे आणतो, नानांच्या पहारीनं आधी भोक पाडतो. तेही जमलं नाही, तर मोठ्या दगडाला दोरी बांधून ताण द्यायचा.

तंबूची कमान उभी राहिली की नाना दर वेळी एकच म्हणतात, "झाली तुमची कोपी." बांबू वाकवून, वर ताडपत्री टाकून केलेली कोपी. या तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने तसल्याच कोपीत काढतात, लेकराबाळांसकट. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही.

पाणी घरूनच आणायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा हा मुलूख. कुणाच्या विहिरीवर हक्कानं बादली टाकू नये. प्यायला आणि रांधायला माणशी पाच लिटर धरा. चौघांना एका रात्रीला वीस लिटरचे दोन जार आणले, की हातपाय धुवायलाही उरतं. भांडी राखेनं घासली तर पाणी निम्मं लागतं.

खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस टिकतात, चुलीची गरज नाही. चहापुरता छोटा गॅस पुरे. या दिवसांत गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी बांधावरून वावरात जाईल. शेकोटी हवीच असेल तर नानांच्या खळ्यावर, मोकळ्या जागेत, आणि तीही त्यांनी हो म्हटल्यावरच. मोजे मात्र गुडघ्यापर्यंतचे घाला, नाहीतर रात्र कुसळं उपटण्यात जाते.

संडासाला जायचं तर एक खुरपं जवळ असू द्या. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, नंतर माती लोटायची.

(दृश्य: पहाट. तंबूच्या आतून थेंब ओघळताना.)

हे पाणी पावसाचं नाही, आमच्याच श्वासांचं आहे. वरची जाळी अडवू नका म्हणून सांगूनही कुणीतरी थंडीच्या भीतीनं तिथं टॉवेल कोंबला होता. पाठ मात्र चौघांचीही उबदार.

नाना आले. त्यांनी तंबूखालच्या पेंढ्या मोजून घेतल्या, दोन काखेत मारल्या आणि गोठ्याकडं निघाले. आम्ही रात्रभर ज्यावर झोपलो, तो कडबा आता बैलांपुढं पडलाय. त्यातल्या एकानं हुंगून पाहिलं, जरा थांबला, आणि खायला लागला.