आकृतीकडून संख्यारेषेकडे
(केंद्राच्या शिक्षण परिषदेतील भाषण, थोडे संपादित)

केंद्रप्रमुख साहेबांनी विषय दिलाय ‘आकृतीकडून संख्यारेषेकडे’, म्हणजे अपूर्णांक आकृतीवरून शिकवता शिकवता आकडे क्रमाने मांडलेल्या सरळ रेषेवर कसे न्यायचे. निम्मा वेळ सत्कारातच गेला, तेव्हा संख्यारेषेपर्यंत पोचतो की नाही बघू.

आयत काढा, चार समान भाग करा, एक रंगवा, १/४ लिहा. आपण सगळे असंच शिकवतो आणि त्यात वावगं काही नाही. माझी तक्रार एवढीच की भाग समान आहेत का, हे आपण नुसत्या डोळ्यांनी ठरवतो.

चौथीतल्या एका मुलीने आयताचे दोन्ही कर्ण काढले, चारातला एक त्रिकोण रंगवला आणि १/४ लिहिलं. उत्तरावर लाल फुली, खाली शेरा, ‘भाग समान नाहीत’. (शाळा कुठली ते विचारू नका, तपासणारे इथेच बसलेले असतील.) पोरगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. म्हटलं, काप. तिने चौकटीच्या वहीत आठ बाय सहाचा आयत काढून कापला. वरचा त्रिकोण पसरट, बाजूचा उभट, एकावर एक ठेवले तर जुळेनात. मी गप्प बसलो, जे शिक्षकाला फार जड जातं! मग तिने प्रत्येक त्रिकोण मधोमध दुमडून कापला. आठ तुकडे झाले. काही उलटे करावे लागले, पण आठही एकमेकांवर चपखल बसले. म्हणजे प्रत्येक त्रिकोणात तेच दोन तुकडे. चौकटी मोजल्या तरी अठ्ठेचाळीसातल्या बारा-बाराच. शेवटी तिने विचारलं, “सर, आता मार्क कोण देणार?” याचं उत्तर बी.एड.ला शिकवत नाहीत.

आता याच्या उलट बघा. मुलं गोल भाकरी काढतात, दोन समांतर रेषा मारून सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या करतात आणि १/३ लिहितात. याला आपण बिनदिक्कत बरोबरची खूण करतो. खरं तर मधल्या पट्टीत जवळजवळ ४२ टक्के भाकरी जाते, कडेच्यांना २९-२९ टक्के. घरी तीन भावंडांत अशी वाटून बघा, शेजारी गोळा होतील. तीन भाग घडी घालूनही पटकन होत नाहीत, म्हणून आपण दोन, चार, आठवरच रेंगाळतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय, भराभर.

पाव म्हटलं की कशाचा पाव, ते आधी ठरवा. लहान भाकरीची अर्धी मोठीच्या चतकोरापेक्षा लहान असू शकते. १/२ आणि १/३ ची तुलना करायची तर दोन्ही आकृत्या एकाच मापाच्या हव्यात.

दुसरं म्हणजे ५/४. चारातले पाच कसे रंगवणार? मूल दुसरं वर्तुळ काढतं, त्याचेही चार भाग करतं, पाच रंगवतं आणि ५/८ लिहितं, कारण त्याने दिसले तेवढे सगळे भाग मोजले. इथे आकृती अपुरी पडते. जुन्या शाळेत पावकी, निमकीच्या (पाव, अर्ध्याच्या पाढ्यांच्या) पुढे सवायकी, दिडकीही (सव्वा, दीडचे पाढे) पाठ असायची, एकाच्या पुढचा अपूर्णांक कोणाला परका नव्हता. आजचं पोरही सव्वादहाची एसटी बरोबर पकडतं.

म्हणून वर्तुळ थोडं मागे ठेवा, कागदाची पट्टी घ्या. तिची लांबी म्हणजे एक. दोनदा दुमडली की चार भाग. ती फळ्यावर धरून ०, १/४, २/४ अशा खुणा करा, झाली संख्यारेषा. १/२ आणि २/४ एकाच जागी येतात, ते मुलांना आपसूक दिसतं. मग विचारा, ५/४ कुठे? पट्टी संपलेली असते. कोणीतरी दुसरी पट्टी पुढे जोडतंच.