जांभळ्या पटलातली मोटर

(बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, टेबलावरच्या या बाटलीत काय आहे ते आधी सांगून टाकतो, कारण मागच्या रांगेत कोकम सरबताची कुजबुज सुरू झालेली मला ऐकू आली. हे खारं पाणी आहे. कच्छच्या छोट्या रणातल्या एका अगरातून माझ्या भाच्यानं भरून आणलंय. इथे अगर, तिकडे कोकणात आगर. इथला अगरिया, तिकडचा आगरी. आणि बडोदेकरांना मीठ परकं नाही. ओखामंडळ गायकवाडांच्या संस्थानात होतं आणि मिठापूर त्याच ओखामंडळात.

अगरिया जमिनीखालचं खारं पाणी उपसतो आणि वाफ्यात सोडतो. ऊन पाणी पीत जातं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मीठ धरायची वेळ येते तेव्हा हा आकडा पंचविसाच्या पुढे गेलेला असतो. त्यात मासा जगत नाही, डासाची अळी जगत नाही. आणि नेमकं तेव्हाच पाणी गुलाबी होतं. म्हणजे कुणीतरी जगतंय, नुसतं जगत नाही तर गर्दी करून राहतंय.

त्या गर्दीत एक ड्युनालिएला नावाचं शेवाळ असतं, गाजराच्या रंगद्रव्यानं भरलेलं. आणि असतात मिठावर जगणारे सूक्ष्मजीव. त्यातला आपला आजचा नायक हॅलोबॅक्टेरियम सलिनारम. नावात बॅक्टेरियम आहे, पण तो बॅक्टेरिया नाही, आर्किया नावाच्या वेगळ्याच घराण्यातला आहे. खारवलेल्या मासळीवर लाल डाग पडतात ना, ती याची आणि याच्या भाऊबंदांची करणी. कोकणातून आलेल्या घरांना हे सांगायला नको.

एक खुलासा करतो, कारण इथे बहुतेक लेख घसरतात. पाण्याचा हा लालपणा मुख्यतः वेगळ्या रंगद्रव्यांचा आहे. मी ज्याच्याबद्दल बोलणार ते जांभळं आहे, आणि ते दिसायला त्या जीवावर जरा वाईट वेळ यावी लागते. इतक्या दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो. श्वासावर भागेनासं झालं की हा जीव आपल्या पेशीपटलात जांभळे ठिगळ लावायला लागतो. पटल म्हणजे पेशीभोवतीचा स्निग्ध पडदा, जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. त्या ठिगळात तीन चतुर्थांश वजन एकाच प्रथिनाचं असतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोला वाल्टर श्टोकेनियस यांच्या प्रयोगशाळेत डीटर ओस्टरहेल्ट नावाचे तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी हे जांभळं ठिगळ सेंद्रिय द्रावकात घातलं, तर जांभळा रंग गेला आणि पिवळा आला. त्याच प्रयोगशाळेत अॅलन ब्लाउरॉक होते. त्यांनी आधी बेडकाच्या डोळ्यातल्या पटलांवर काम केलेलं, म्हणून त्यांना हा रंगबदल ओळखीचा वाटला. हे तर रेटिनलसारखं वागतंय! रेटिनल म्हणजे अ जीवनसत्त्वाचा सख्खा भाऊ, डोळ्यात प्रकाश पकडणारा. तोवर तो प्राण्यांच्या डोळ्यात असतो एवढंच माहीत. मिठागरातल्या किड्याला डोळा कुठला? पण रेटिनलच निघालं. 1971 साली लेख आला आणि त्या प्रथिनाला नाव मिळालं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. नाव मोठं आहे, मी आता त्याला नुसती मोटर म्हणेन.

कारण ती मोटरच आहे. प्रकाश पडला की ती पेशीतले प्रोटॉन बाहेर फेकते. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा आयन, धन विद्युतभार असलेला कण, ज्याच्यामुळे लिंबू आंबट लागतं. बाहेर प्रोटॉनची गर्दी, आत टंचाई. मग हे बाहेरचे प्रोटॉन दुसऱ्या एका यंत्रातून परत आत घुसतात आणि घुसताना एटीपी बनवून देतात. एटीपी म्हणजे पेशीचं चलन.

आमच्या विद्यार्थिदशेतली एक फजिती सांगतो. आम्ही तिघांनी ठरवलं की हे डोळ्यांनी बघायचं. बीकरमध्ये मिठाच्या पाण्यात पेशी, त्यात आंबटपणा मोजणाऱ्या पीएच मीटरची कांडी, समोर स्लाइड प्रोजेक्टरचा दिवा. दिवा लावला आणि काटा हलला! पाणी आंबट व्हायला लागलं! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. दिवा बंद केला, काटा हळूहळू परत. तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी, ती पुढे फार चांगली संशोधक झाली, शांतपणे म्हणाली, “पेशी न घालता करून बघू या का?” केलं. काटा तसाच हलला. दिव्याच्या उष्णतेनं पाणी तापत होतं आणि कांडी त्याला उत्तर देत होती. पेशींचा काही संबंध नव्हता. मग दिवा आणि बीकर यांच्या मध्ये पाण्यानं भरलेला चपटा चंबू ठेवला. पाणी उष्णता अडवतं, उजेड जाऊ देतं. आता नुसत्या मिठाच्या पाण्यात काटा जागचा हलेना आणि पेशी घातल्या की हलू लागला. दुसऱ्यांदा टाळ्या द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता मोटरच्या आत जाऊ. 1975 साली केंब्रिजला रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं तिचा पहिला ढोबळ आराखडा काढला: पटलाच्या आरपार जाणारे सात मळसूत्री खांब. (हेंडरसन यांना त्या वाटेवरच्या पुढच्या कामासाठी 2017 साली नोबेल मिळालं.) अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी. अशा 248 मण्यांची साखळी सात वेळा वरखाली गेलेली, आणि खांबांच्या मधोमध, 216 क्रमांकाच्या मण्याला, म्हणजे लायसिनला, बांधलेलं रेटिनल. सुटं रेटिनल पिवळसर असतं, ते जवळजवळ अतिनील प्रकाश घेतं. या खांबांच्या कुशीत बसलं की तेच 568 नॅनोमीटरचा, हिरव्यापिवळ्या सीमेवरचा प्रकाश घेतं. हिरवा-पिवळा काढून घेतला की उरतात लाल आणि निळा, म्हणून ठिगळ जांभळं.

प्रकाशकण रेटिनलवर आदळतो. लोकांना वाटतं की प्रकाश प्रोटॉनला ढकलतो. नाही! प्रकाशाचं काम फार लहान आहे: सरळ असलेलं रेटिनल तेराव्या कार्बनपाशी वाकतं. बस्स. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या साधारण अर्ध्या तुकड्यात हे होऊन जातं. पुढचं सगळं प्रथिन आपल्या तब्येतीनं, सेकंदाच्या शंभराव्या भागात करतं.

तुम्ही स्लॅब पडताना पाहिला असेल. खालून वरपर्यंत माणसं उभी, घमेली हातोहात जातात. वर जे घमेलं ओततात ते आत्ता खाली भरलेलं नसतं. मोटरमध्ये तेच. रेटिनल जिथे लायसिनला बांधलंय त्या गाठीवर एक प्रोटॉन आधीपासूनच बसलेला असतो. रेटिनल वाकलं की गाठ तो प्रोटॉन बाहेरच्या बाजूच्या 85 क्रमांकाच्या अॅस्पार्टिक आम्लाच्या हातात देते. त्याच सुमारास, त्याहीपुढे तोंडाशी उभ्या असलेल्या मंडळींकडून एक वेगळाच प्रोटॉन बाहेर टाकला जातो. म्हणजे आधी बाहेर देणं झालं, अजून आतून काही घेतलेलंच नाही! मग रिकामी गाठ तोंड फिरवते. आतापर्यंत ती बाहेरच्या बाजूला बघत होती, आता आतल्या. तिथे 96 क्रमांकाचं अॅस्पार्टिक आम्ल घमेलं भरून उभंच असतं, ते तिला देतं आणि स्वतःचं पेशीच्या आतल्या पाण्यातून भरून घेतं. रेटिनल सरळ होतं, 85 आपल्या हातातलं पुढे सरकवतं, आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी.

सगळी मेख त्या तोंड फिरवण्यात आहे. गाठ कधीच दोन्हीकडे एकदम उघडी नसते. असती तर बाहेरच्या गर्दीतले प्रोटॉन क्षणात आत घुसले असते आणि मोटरची चाळण झाली असती.

85 आणि 96 हे क्रमांक आपल्याला कसे कळले? त्यात आपले हरगोविंद खुराना आहेत. अनुवांशिक संकेताच्या उकलीसाठी 1968 चं नोबेल मिळालं, तेवढंच आपण शाळेत घोकतो. नंतरची पुष्कळ वर्षं त्यांनी एमआयटीत या मोटरला दिली. तिचं जनुक प्रयोगशाळेत जोडलं आणि एकेक अमिनो आम्ल बदलून कोण अडतंय ते पाहिलं. 85 बदललं की मोटर बंद. 96 बदललं की चालते, पण रखडत.

1974 साली एफ्राइम रॅकर आणि श्टोकेनियस यांनी केलेला प्रयोग मला आजही थोडा खोडकर वाटतो. सोयाबीनमधल्या स्निग्ध द्रव्याचे बारीक बुडबुडे घेतले, त्यात मिठागरातली मोटर बसवली आणि गोवंशाच्या हृदयातून काढलेलं एटीपीचं यंत्र बसवलं. तीन घरची तीन माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. दिवा लावला, एटीपी बनलं. पीटर मिचेल तेव्हा वर्षानुवर्षं सांगत होते की प्रोटॉनचा चढउतार हाच ऊर्जेचा मधला दुवा आहे, आणि बरेच लोक नाक मुरडत होते. या बुडबुड्यात प्रोटॉनखेरीज दुसरा दुवा शोधायला जागाच नव्हती. मिचेलना 1978 साली नोबेल मिळालं.

याच जीवात दुसरीही एक मोटर आहे, हॅलोऱ्होडॉप्सिन. ती क्लोराइड आत ओढते. माल वेगळा, दिशा उलटी. पण बांधणी बघावी तर तेच सात खांब, तेच रेटिनल. फक्त 85 च्या जागी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल. 1995 साली काही जणांनी प्रोटॉनच्या मोटरमध्ये तेवढा एकच बदल केला आणि ती क्लोराइड आत घ्यायला लागली. 248 मधलं एक! 2013 साली जपानमध्ये सोडियम बाहेर टाकणारी मोटरही सापडली, त्यावर आज वेळ नाही.

आता मोटर बाजूला ठेवा आणि नर्मदेच्या कालव्याचं दार डोळ्यांसमोर आणा. मोटर पाणी चढावर नेते, पण तिला प्रत्येक बादलीची वीज लागते. दार काहीच चढवत नाही, ते फक्त उघडतं. पाणी उतारानं आपण होऊन धावतं. गोड्या पाण्यात क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शेवाळ असतं, दोन शेपट्या हलवत उजेडाकडे पोहणारं. पीटर हेगेमान, गेऑर्ग नागेल, अर्न्स्ट बाम्बर्ग यांनी 2002 आणि 2003 साली दाखवलं की त्याच्याकडे असं दार आहे: चॅनलऱ्होडॉप्सिन. पुन्हा सात खांब, पुन्हा रेटिनल. पण इथे रेटिनल वाकलं की आरपार वाट मोकळी होते आणि सोडियम, कॅल्शियम, प्रोटॉन आत येतात. मोटरला एका प्रकाशकणामागे एकच आयन. इथे एकदा दार उघडलं की ते मिटेपर्यंत कितीतरी.

चेतापेशीला नेमकं हेच हवं असतं. तिच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो, आणि धन आयन थोडे आत शिरले की ती पेटते. 2005 साली कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन आणि मंडळींनी शेवाळाचं जनुक उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या चेतापेशींत घातलं, निळा प्रकाश टाकला, पेशी पेटल्या. सस्तन प्राण्याच्या मेंदूत रेटिनल पुरेसं असतं, ते वरून घालावं लागलं नाही, हे मोठंच नशीब. पेशी विझवायची तर ती क्लोराइडची मोटर होतीच. कवटीतून निळा प्रकाश जात नाही, म्हणून बारीक काचतंतू आत सोडावा लागतो, आणि माणसाच्या मेंदूत हे उद्या होईल असं कुणी सांगितलं तर दोन पावलं मागे सरकावं.

डोळ्याचं मात्र वेगळं आहे, तिथे खिडकी उघडीच असते. 2021 साली रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारानं दृष्टी गेलेल्या 58 वर्षांच्या एका गृहस्थांचा अहवाल आला. त्यांच्या एका डोळ्यातल्या शिल्लक पेशींत विषाणूच्या मदतीनं असं एक दार बसवलं होतं, पिवळट-नारिंगी प्रकाशाला उघडणारं. समोरचं दृश्य त्या रंगात रूपांतर करून डोळ्यात टाकणारा चश्मा लावून, बराच सराव केल्यावर, टेबलावरची वही कुठे आहे ते त्यांनी हात लावून दाखवलं, पेले मोजले. चेहरे ओळखू येत नव्हते.

दुसऱ्या रांगेतल्या काकूंनी मघाशी चिठ्ठी पाठवली, ती वाचतो: “मग आपल्या चांगल्या डोळ्यातही अशीच मोटर असते का?” काकू, नाही. प्रश्न मात्र फार नेमका आहे. आपल्या डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन याच घाटाचं, सात खांबांचं, रेटिनलवालं. पण ते स्वतः एकही आयन हलवत नाही. ते निरोप्याला उठवतं, निरोप्या दुसऱ्याला, आणि शेवटी दारं हलतात ती वेगळ्याच प्रथिनाची. आणि हलतात ती उलटी! उजेडात ती मिटतात. अंधारात उघडी असतात आणि सोडियम सारखा आत येत राहतो. आपल्या डोळ्यातली ही पेशी काळोखात चालू असते आणि उजेडात मंदावते.

पुढची चार चित्रं पडद्यावर दाखवायची आहेत. दिवे मालवा बघू कुणीतरी, पंखे राहू द्या. हां. आता तुम्हाला काही दिसत नाही, पण तुमच्या डोळ्यात सोडियमची दारं उघडताहेत.