आजीचं घर आधी

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, धंतोलीची. यंदा उन्हाळ्यात इथून भारतात आईकडे गेले होते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी दोन नातवंडांना सोबत आणायच्या. लेक वारली, जावयानं पाठ फिरवली. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. मावशी पोळ्या लाटायच्या आणि हा ओट्याखाली बसून कणकेच्या चिमण्या करायचा. लोक म्हणायचे, आश्रमात ठेवा, पोटभर जेवतील तरी. मावशींनी मला विचारलं, "रातच्याला झोपेत मायले हाका मारते हा. तिथं कोन उठंन याच्यासाठी?"

कायदाही मावशींच्याच बाजूचा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, आधी कुटुंब. आपल्या राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल घरीच राहतं.

पण तिथवर पोचायचं म्हणजे लेकीच्या मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि घरासमोर मुलांसोबतचा फोटो. फोटो मी काढला. धाकट्यानं आजीचा पदर घट्ट धरलाय त्यात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच आम्ही तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला मावशींची चार घरची कामं बुडाली. मग अशा मुलांबाबत निर्णय देणारी बाल कल्याण समिती, गृहभेट. सातवीपर्यंत शिकलेली बाई एकटीनं हे कसं निभावणार?

परदेशातलं हे आपलं मंडळ दर दिवाळीला एका बालगृहाला देणगी देतं. ती बंद करा असं मी म्हणत नाही; ज्यांचं खरंच कुणी नाही त्यांना ते छप्पर हवंच. पण ज्यांना आजी आहे, मामा आहे, त्यांच्या दारापर्यंत आपण गेलोच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आपण दूर राहतो म्हणून जबाबदारी संपत नाही: आई-वडिलांच्या निर्वाहाचा भारतातला २००७ चा कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. तिथला कायदा आपल्याला अजून घरचंच माणूस धरतो.

म्हणून मागणी एकच. यंदाच्या देणगीतला निम्मा वाटा नागपुरात अशा घरांसोबत कचेऱ्यांत जाणाऱ्या, अर्ज भरून देणाऱ्या एका कार्यकर्तीच्या मानधनासाठी ठेवा. मावशींचा अर्ज जूनमध्ये दाखल झालाय, गृहभेट व्हायची आहे. जेवणानंतर मी दाराजवळच्या टेबलावर वही घेऊन बसते, ज्यांना हातभार लावायचाय त्यांनी नाव लिहून जा.